फिरून आलेला तांदूळ

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, आणि माझी मान थोडी वाकडी आहे. भट्टीत शेजारचा रांजण माझ्यावर कलंडला, तेव्हापासून ती तशीच. कुंभार मला फोडून टाकणार होता. पण नाकतोंग नदीकाठच्या आमच्या गावातल्या ख्रिस्ती बायकांनी मला स्वस्तात मिळतो म्हणून उचलले आणि चर्चच्या दाराशी, जोडे काढून ठेवायच्या फळीजवळ आणून ठेवले. मुळ्याकोबीची लोणची मुरवायचे माझ्या नशिबी नव्हते. माझ्या पोटात तांदूळ पडायचा.

तिथली रीत अशी होती. स्वयंपाकाला तांदूळ काढला की बाई त्यातली एक मूठ बाजूला ठेवी. आठवडाभराच्या मुठी कापडी पिशवीत साठत आणि रविवारी उपासनेला येताना ती पिशवी माझ्यात रिकामी होई. त्या तांदळावर पाळकाचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचे, घर जेवत असे. कुणाची मूठ सढळ आणि कुणाची चिक्कू हे मला बरोबर कळायचे, पण मी कधी चहाडी केली नाही.

सन-ये ही पाळक हान यांची बायको. तिचे सारे आयुष्य चर्च आणि घर यांच्यामधल्या अंगणात गेले. पहाटेच्या प्रार्थनेआधी झाडलोट तिची, आजाऱ्यांची पेज तिची, बेवारस प्रेताला अंघोळ घालायलाही तीच. या सगळ्यात तिची लहानगी बोक्सिल तिच्या पाठीला बांधलेली असे. नवऱ्याच्या प्रवचनाला डुलक्या काढणारी माणसे तिच्या पेजेच्या वेळी मात्र टक्क जागी असत.

तिचा एक वेडेपणा होता. माझ्यातून नेलेल्या तांदळातूनही ती मूठ काढी आणि रविवारी परत माझ्यात आणून टाकी. क्वन आजी, चर्चच्या मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला हसायची.

"पाळकीणबाई, माझा तांदूळ तुमच्या घरी जातो आणि परत इथंच येतो. नुसता गावभर फिरून आला म्हणायचा."

"फिरून आला की त्याला चव येते, आजी," सन-ये म्हणायची.

आमच्या देशावर तेव्हा जपान्यांचे राज्य होते. टेकडीवरच्या त्यांच्या देवस्थानापुढे सगळ्यांनी वाकायचे, असा हुकूम आला. पाळक हान वाकले नाहीत. त्यांना तुरुंगात टाकले. मंडळी मात्र वाकली. मंडळीचे कारभारी मा यांनी बैठक घेतली, हान आता आपले पाळक नाहीत असे ठरले, आणि सन-येला घर सोडून रेशमाच्या किड्यांसाठी बांधलेल्या एका पडक्या खोलीत जावे लागले. नवा पाळक येईपर्यंत माझ्यातल्या तांदळाला कुणी हात लावायचा नाही, असेही ठरले. पोलीस ठाण्याचा माणूस सन-येच्या दारावर पाळत ठेवून होता, त्यामुळे तिकडे फिरकायची कुणाची छाती होईना. बायका भीतीने आणि सवयीने माझ्यातच तांदूळ ओतत राहिल्या. मी भरत गेलो. सन-येसुद्धा रविवारी येई आणि चिमूटभर जव माझ्यात टाकून मागच्या कोपऱ्यात बसे.

मग वसंत आला. जुने धान्य संपलेले, नवे जव अजून हिरवे. बोक्सिल आजारी पडली. तिच्या पोटात कित्येक दिवस झाडाच्या सालीच्या रश्शाखेरीज काही जात नव्हते.

एका सकाळी चर्चमध्ये कुणी नसताना सन-येने माझे झाकण काढले. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ भरली. हात वर येईना, मूठ सुटेना. मित्रांनो, मला हात असते तर मी स्वतःला तिच्या ओच्यात उपडे केले असते. तेवढ्यात क्वन आजी दारात आली.

"घ्या की," आजी म्हणाली.

"हा आता आमचा नाही, आजी. मंडळीनं ठरवलंय."

"कसली मंडळी? त्या कारभाऱ्याला चूल पेटवताना मी जन्मात पाहिलं नाही. मूठ आम्ही काढतो."

सन-येने मूठ सोडली आणि ती माझ्या काठावर डोके टेकून बोलू लागली. बोलणे आजीशी होते की देवाशी, मला कळले नाही. "मी त्यांना तुरुंगात निरोप धाडला होता. एकदा वाका म्हटलं. पोरीसाठी वाका. तर म्हणाले, प्रभू बघेल. बघतोच आहे तो, आजी. मीही बघतेय."

आजीने तिला पुढे बोलू दिले नाही. तिने स्वतःच्या हाताने वाडगाभर तांदूळ काढून तिच्या ओच्यात ओतला. "पळ, पोरी," ती म्हणाली. पाळकीणबाई म्हणायचेही विसरली.

सन-ये पळाली. पाणी उकळायच्या आत बोक्सिल गेली.

रविवारी चर्च भरले होते. सन-ये आत आली, माझे झाकण काढून तिने ओच्यातला तांदूळ माझ्यात ओतला, एकही दाणा खाली पडू न देता. कारभारी मा तिच्याकडे बघत राहिले.

"पोरीसाठी नेला होता," ती त्यांना म्हणाली. "तसाच परत आणलाय."

क्वन आजी तिथेच जोड्यांच्या फळीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. पुढच्या रविवारी माझ्यात कुणीही काही ओतले नाही. बायका पिशव्या घेऊन माझ्यासमोरून आत गेल्या, उपासना संपल्यावर त्याच पिशव्या घेऊन सन-येच्या दाराशी गेल्या. ठाण्याच्या माणसाने काहींना धरूनही नेले. तरी त्या गेल्या. पण उशीर झाला होता, आणि ते त्या सगळ्यांना ठाऊक होते.

देश जपान्यांच्या हातून सुटला तेव्हा पाळक हान परतले, दात पडलेले, हाडांचा सापळा झालेले. सन-येने त्यांची मरेपर्यंत सेवा केली, चर्चही झाडले. 'प्रभू बघेल' हे शब्द मात्र तिने पुन्हा कधी उच्चारले नाहीत.

आता चर्च नवे झाले आहे. मी मागच्या वळचणीला असतो आणि लोक माझ्यात ओल्या छत्र्या ठेवतात. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी किंवा देवाच्या घरी एखादे भांडे भरलेले असेल आणि दाराशी कुणी उपाशी उभे असेल, तर त्याला मागायला लावू नका. आतला दाणा कुणाचा, हे ठरवत बसू नका. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, मित्रांनो, आणि बोक्सिलला एक मूठ पुरली असती.