दार न उघडलेली पिशवी

मी तृप्तीची गर्भाची पिशवी बोलतेय. सोळा वर्षं गप्प बसले, आता नाही बसत.

तृप्ती जन्मायच्या कितीतरी आधी मी घडले. पुष्पाबाईच्या पोटात ती बोटाच्या पेराएवढी असेल, तेव्हा मी दोन बारीक नळ्या होते. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोघी खाली सरकलो, मधोमध जुळलो, मधली भिंत विरली आणि मी एक झाले. वरची टोकं सुटी राहिली, त्या गर्भनलिका. खाली बाहेरची वाट तयार झाली. त्या वाटेच्या तोंडावर एक पातळ पडदा असतो. जन्माच्या सुमारास तो आपोआप उघडतो. तृप्तीचा उघडला नाही. यात तिनं काय बिघडवलं, सांगा ना!

चौदाव्या वर्षी मी कामाला लागले. दर महिन्याचं रक्त बंद दाराशी तुंबायला लागलं. पोरगी पोट धरून वर्गातून घरी यायची. अड्याळच्या त्या घरात मोठी माणसं भरपूर, पण 'पाळी' म्हणायची एकाचीही छाती नाही.

आजी रुखमिणीनं गावात पोट चोळून देणाऱ्या जनाबाईला बोलावलं. "बेंबी सरकली पोरीची," जनाबाईनं ठरवून टाकलं. पोटावर दिवा ठेवला, वर लोटा पालथा घातला. मग तेल लावून दोन्ही अंगठे नेमके माझ्यावरच दाबले. तृप्ती किंचाळली.

"सहन कर. बाईची जात हाय," आजी म्हणाली.

अगं म्हातारे, दार खाली आहे, खाली!

दीड वर्षात पोट पुढं आलं आणि आजीची नजर फिरली. "कोनाचं हाय? बोल!"

"कोनाचंच नाही, आजी. मले तं पाळीच नाही आली अजून."

"पाळी नाही अन् पोट वर! मले शिकवून राहिली?"

शाळा बंद. पुष्पाबाई आई असून भाजी निवडत बसली.

पोट दुखलं त्या प्रत्येक तारखेवर तृप्तीनं कॅलेंडरात फुली मारली होती. ते कॅलेंडर गुंडाळून ती गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई रुपाकडे गेली. रुपाताईनं फुल्या मोजल्या. "बाई वो, दर अठ्ठावीस दिवसांनी!" दुसऱ्या दिवशी तिनं पुष्पाबाईला हाताला धरून उठवलं आणि दोघींना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छोटीशी चीर द्यायची, बस्स. दीड वर्ष काय करत होता तुम्ही?" पुष्पाबाई पदर चावत राहिली.

चीर दिली. साचलेलं काळं, घट्ट रक्त वाहून गेलं. पोट सपाट झालं, शाळा सुरू झाली. आजी 'चुकलं' एवढंही म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात माझं काम वेळेवर झालं. तृप्ती शाळेतून आली, तर आजी उंबऱ्यातच उभी. "आली ना? मंग शिवू नको कशाले. बाजूले बस."

रुखमिणीबाई, हे अख्खं घर माझ्यासारख्याच एका पिशवीतून आलं, तुमच्या. तिला तरी एकदा विचारून बघा.

तृप्तीनं दप्तर चुलीशी ठेवलं, पाट ओढला, स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला.

"सरक आजी," ती म्हणाली. "मले भूक लागली."