पाचवीला पुजलेली

मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "शोभनाताई, तुमची सून काय करते हो?" की शोभनाचं डोकं फिरायचं. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारातल्या बाकीच्यांच्या सुना चिप डिझाइन करत होत्या, दातांच्या डॉक्टर होत्या. शोभनाची सून डोंगरावरून घसरत असे. पायांना दोन फळ्या बांधायच्या, पाळण्यात बसून वर जायचं आणि मोटारीच्या वेगाने खाली यायचं. मुळात वर गेलंच नाही तर खाली यावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या अख्ख्या देशाला सुचली नव्हती. "ती ऑस्ट्रियाकडून स्कीइंगच्या शर्यतींत उतरते," असं सांगावं, तर समोरची हमखास म्हणायची, "अगं बाई, ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो?"

सुनेचं नाव रोस्वीथा. यतीन, शोभनाचा एकुलता एक, शर्यतींची वेळ मोजणारं सॉफ्टवेअर लिहायचा. त्या कामासाठी कोलोरॅडोला गेला आणि हिला घेऊन आला. लग्नात त्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'हिमानी' लिहिलं. नवरीने ते अक्षर अक्षर लावून वाचलं, "छान" म्हणाली आणि आजपासून आपण हिमानी हे बिनतक्रार मान्य केलं. पण तोवर शोभनाच्या जिभेवर रोस्वीथाची रोझविठा आणि रोझविठाची विठा झाली होती, ती काही पुसली गेली नाही. विठा मराठी शिकली ती नवऱ्याकडून, त्यामुळे "आई, मी जातो", "आई, मी जेवलो" असं बाप्यासारखं बोलायची. शोभनाने वर्षभर सुधारून पाहिलं आणि मग नाद सोडला.

पोरगी गुणाची होती. आपल्या विषयात हुशार होती, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. जगातल्या पहिल्या दहांत तिचं नाव असायचं. दुसऱ्या कुठल्याही देशात तिची मिरवणूक निघाली असती. पण ऑस्ट्रियात अशा मुली पोत्याने. ऑलिंपिकचा नियम असा, की एका शर्यतीत एका देशाच्या चौघीच उतरायच्या. विठा ऑस्ट्रियात पाचवी होती. जपानच्या ऑलिंपिकच्या वेळी पाचवी होती, म्हणून तिने ते सांता क्लाराच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिलं. क्रमवारीत तिच्या मागे असलेल्या परदेशी मुली हात हलवत उतरत होत्या आणि ही शेंगा सोलत बसली होती. पाचवीला पुजणं म्हणतात ते याहून वेगळं काय असणार.

शोभनाने त्याच दिवशी उपाय काढला होता. नवरा अमेरिकन, ग्रीन कार्ड हातात. तीन वर्षांत नागरिकत्व मिळेल. अमेरिकेकडून उतरायचं. पुढचं ऑलिंपिक तर युटाला, म्हणजे घरच्या अंगणात.

"तुझे ऑस्ट्रियावाले सोडतील तुला," ती म्हणाली. "त्यांना काय, एक गेली तर चार उभ्या."

"सोडतील," विठा म्हणाली. "यतीनने विचारलं होतं."

"मग अडलं कुठे?"

"मी अमेरिकेत पहिला होईन, आई. पण ज्यांना हरवायचं, त्या चौघी तिकडे आहेत. मी लहानपणापासून त्यांच्या मागे धावतो."

"अगं, डोंगराला कळतं का तू कुठल्या देशाची आहेस ते?"

"डोंगराला नाही कळत. मला कळतं."

या बोलण्यावर शोभनाने कपाळावर हात मारून घेतला. नाव बदलायला सांगितलं तर हसत बदललं, आडनाव बदललं, मंगळसूत्र घातलं, आणि अंगावरचं जाकीट तेवढं बदलायचं म्हटलं तर हिला तत्त्वं आठवली. पेपरामागून तिचे यजमान उल्हासराव म्हणाले, "तू तरी कुठे बदललंयस? इतकी वर्षं झाली, अजून नागरिकत्वाच्या शपथेची तारीख पुढे ढकलतेस."

"माझं वेगळं आहे. मला कुठे डोंगर उतरायचाय," शोभना म्हणाली, आणि तो विषय तिने तिथेच मिटवला.

सन दोन हजारच्या वसंतात विठाचा गुडघा गेला. आतलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि तो उन्हाळा ती सांता क्लाराला राहिली. यतीन ऑफिसात असायचा. गुडघा वाकवायला लावायचा तो शोभनाने. शाळेतली गणिताची नोकरी, सुट्टीचे दिवस, आणि दिवसभर हेच: बर्फाची पिशवी, मग गरम शेक, मग टाच धरून पाय हळूहळू दुमडायचा. विठा ओठ चावायची, ओरडायची नाही. शोभनाच मधेमधे ओरडायची, "अगं, ओरड की जरा. घर आपलंच आहे." रात्री तिला त्या गुडघ्याची स्वप्नं पडत. पोरगी आता हे खूळ सोडेल असं तिला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने तसं देवाला सांगूनही ठेवलं होतं. पण नोव्हेंबर उजाडताच विठा पुन्हा फळ्या बांधून उभी. तेव्हा मात्र शोभनाचा नवस उलटा झाला. एवढा सोसलाय ना हा गुडघा, मग निदान एकदा तरी ऑलिंपिकचा उतार त्याच्याखालून जाऊ दे. त्यात आता तिचाही वाटा होता.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत शोभना आणि यतीन युटाला गेले. उल्हासरावांनी थंडीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा तो काळ. जिथे तिथे सैनिक, जिथे तिथे पिशव्या उघडा. शोभनाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी एका बंदूकवाल्या पोराने इतका वेळ हुंगली की ती म्हणाली, "खाऊन बघ बाबा एकदा आणि सोड मला."

ऑस्ट्रियाच्या संघात तीन मुलींच्या जागा नक्की होत्या. चौथी जागा विठा आणि आनेग्रेट नावाची एकोणीस वर्षांची एक मुलगी यांच्यात होती, आणि सरावाच्या शेवटच्या फेरीत जी पुढे, ती जाणार असं ठरलं होतं. विठाचं हे शेवटचं वर्ष, हे तिने स्वतःच यतीनला सांगितलं होतं. पुढच्या ऑलिंपिकपर्यंत हा गुडघा टिकणार नव्हता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

दुपारी यतीन बातमी घेऊन आला. आनेग्रेट पुढे होती, सेकंदाच्या सात शतांशांनी.

"म्हणजे किती?" शोभनाने विचारलं. गणित शिकवणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारू नये, पण तिला तो आकडा समजूनच घ्यायचा नव्हता.

"पापणी लवते ना, त्याच्यापेक्षा कमी."

"मग हरली कशी म्हणता तुम्ही? मापायच्या यंत्रात खोट असेल."

"आई, यंत्र आमचंच आहे," यतीन म्हणाला.

संध्याकाळी विठा त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आली. रडली नाही. वरणभात मागून घेतला, वर तूप मागितलं आणि खाता खाता म्हणाली, "उद्या मी शेवटच्या वळणावर उभा राहणार. वॉकीटॉकी घेऊन."

"कशाला?"

यतीनने समजावलं. पहिल्या काही जणी उतरतात तेव्हा संघातलं कुणीतरी वळणावर उभं राहून बघतं, की बर्फ कुठे कडक झालाय, कुठे फेकलं जायला होतं. मग वर थांबलेल्या आपल्या मुलीला कळवायचं, म्हणजे ती तिथे सांभाळते. उद्या विठा आनेग्रेटला सांगणार होती.

शोभनाने हातातला डाव पातेल्यात टाकला. "वा. जिने जागा खाल्ली, तिलाच वाट दाखवायची. इतकं गाढवासारखं चांगलं असू नये माणसाने, विठा. तुमच्या लोकांनी तुला विचारलं तरी कसं? लाज नाही वाटली?"

"त्यांनी नाही विचारलं. मी म्हणालो."

मग शोभना जे बोलली, ते बोलायचं असं तिने ठरवलेलं नव्हतं. रागात तोंडातून निघून गेलं. "मग थोडं कमी सांग ना. तुला दिसलं नाही असं होऊ शकतं. डोळे काय सगळीकडे पोचतात?"

"आई, come on यार," यतीन म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

विठा रागावली नाही. तिने घास गिळला, पाणी प्यायली. "आई, ते वळण काच आहे. आज मीपण तिथे उडणार होतो, थोडक्यात वाचलो. मी नाही सांगितलं तर तिचा गुडघा जाईल." आणि तिने ताट बाजूला सरकवून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिची आई शेतावर असते. तिला कोण पाय दुमडून देणार?"

शोभना उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलं पातेलं तिने पुन्हा घासलं. स्वतःची लाज वाटत होती, आणि ती वाटायला लावल्याबद्दल विठाचा आणखीच संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. प्रेक्षकांच्या गर्दीतून रेटारेटी करत शोभना शेवटच्या वळणाजवळच्या जाळीपर्यंत पोचली. पलीकडे, उताराच्या कडेला विठा उभी होती. छातीवर नंबर नव्हता, नुसतं संघाचं जाकीट आणि तोंडाशी वॉकीटॉकी. पहिली मुलगी आली आणि वळणावर तिच्या फळ्या करकरत बाहेर ओढल्या गेल्या. दुसरीने कसाबसा तोल सावरला. तिसरी आडवीच झाली आणि जाळीत जाऊन आदळली. ती उठून उभी राहीपर्यंत विठा हलली नाही. मग तिने वॉकीटॉकीत भराभर बोलायला सुरुवात केली. जर्मन शोभनाला कळत नव्हतं, पण हात कळत होता. मोकळा हात पुन्हा पुन्हा वर जात होता, जणू ती पोर समोरच उभी आहे आणि ही तिला खांद्याला धरून वरच्या बाजूला सरकवते आहे. काही हातचं राखलेलं नव्हतं. एकदा सांगून झालं, तरी तिने तेच पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

आनेग्रेट आली तेव्हा आधी नुसता आवाज आला, कापड फाडल्यासारखा. मग लाल टोपी दिसली. शोभनाने काल रात्रभर त्या पोरीला शिव्या घातल्या होत्या. आता जाळी दोन्ही हातांनी धरून ती ओरडली, "वर धर गं, वर! खाली नको जाऊस, बाई माझे, वर!" शेजारचे गोरे तिच्याकडे बघायला लागले, तिला पर्वा नव्हती. मुलगी वळणाच्या वरच्या बाजूने गेली. बर्फाने तिला बाहेर खेचलं, क्षणभर एक फळी उचलली गेली, पण ती वळली, सरळ झाली आणि खालच्या गर्दीच्या आवाजात दिसेनाशी झाली.

विठाने वॉकीटॉकी खाली घेतला. ती वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून तशीच राहिली. तिची पाठ वरखाली होत होती, जणू आत्ता तीच उतरून आली होती. बऱ्याच वेळाने ती जाळीपाशी आली. चष्मा काढला, तेव्हा शोभनाने पाहिलं, पोरीचा चेहरा पार भिजला होता. ऑपरेशनच्या त्या उन्हाळ्यातही जे पाणी बाहेर आलं नव्हतं, ते आता थांबत नव्हतं.

"मला जायचं होतं, आई," ती म्हणाली. "मला खूप जायचं होतं."

मी तुला सांगितलं होतं. हे वाक्य शोभनाने चार वर्षं जपून ठेवलं होतं. ऐकलं असतंस, तर आज तो नंबर तुझ्या छातीवर असता. आता ते म्हणायला कुणाची हरकत नव्हती. तिने जाळीच्या भोकातून बोटं घातली, तेवढीच जात होती, आणि विठाच्या गालावरचं पाणी पुसायला बघितलं. बोटं पोचत नव्हती. मग विठाच पुढे झाली आणि तिने आपला गाल जाळीला टेकवला.

"माहीत आहे मला," शोभना म्हणाली. "रड तू. सावकाश रड. मग खाली जा. ती पोर एकटीच उभी असेल, तिला विचारायचं असेल कुणालातरी, बरोबर आले का म्हणून."