झेफेरिनुचं चौथं कडवं

आमिल्कारनं पॅरिसहून फोन केला. दोन दिवसांसाठी लिस्बनला येतोय म्हणाला, सोबत सात फ्रेंच पाहुणे. किल्ला, ट्राम, नदीकाठ दाखवून झाला की रविवारी दुपारी त्यांना 'आपल्या', म्हणजे माझ्या, खाणावळीत आणणार आणि तिथं फादो, आमच्याकडचं गिटारीवरचं दुखरं गाणं, गाणार. ये की, तारली भाजून ठेवते, मी म्हटलं. आवाजात इतका मध ओतला की माझा नवरा तोमे गिटार पुसता पुसता थांबला.

या आमिल्कारला पंचविशीत माझ्या वडिलांनी गाणं शिकवलं, आमच्या पंगतीला बसवून जेवू घातलं. बाबा गोदीतले हमाल. कडवी रचायचे, पण लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि हा वहीत उतरवायचा. अक्षर त्याचं, म्हणून गाणी त्याची. वही घेऊन तो पॅरिसला गेला आणि बाबांचा 'ओली दोरी' हा फादो स्वतःच्या नावावर रेकॉर्ड करून मोठा माणूस झाला. रेडिओवर तो लागला की बाबा भिंतीकडे तोंड करून निजायचे. तसेच गेले. बावीस वर्षं मी हा राग विझू दिला नाही. मला एकच हवं होतं: त्यानं चारचौघांत बाबांचं नाव घ्यावं.

"झालं गेलं, सोड आता," तोमे म्हणाला.

"सोडायला मी काय संत लागून गेलेय? तू फक्त वाजवत राहा. तो थांबला तरी तुझा हात थांबता कामा नये."

रविवारी आळीतली सगळी जुनी खोडं येऊन बसली. मीच घरोघर सांगून आले होते. आमिल्कार काळा कोट घालून आला, ताई ताई करत त्यानं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. पाहुण्यांना म्हणाला, याच टेबलावर मला 'ओली दोरी' सुचलं. थापाड्या मेला. मी खिडक्या लोटून घेतल्या.

फादो सुरू झाला की आमच्याकडे चमचासुद्धा वाजत नाही, आणि गिटार चालू असेतो कुणी तोंड उघडत नाही. आवाज अजून सुरेल आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. तीन कडवी संपली, त्यानं टाळ्यांसाठी मान झुकवली. तोमेचा हात चालूच. मग स्वयंपाकघराच्या दारातून, ओल्या हातांनीच, मी चौथं कडवं उचललं. शेवटच्या आठवड्यात बाबांनी ते अंथरुणावर रचलं होतं आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

गा रे गड्या, माझा दोर खुशाल तू ओढ,
गाठ कुणी मारली, तेवढं सांगून सोड.
झेफेरिनु हमाल मी, मला सही येत नाही,
वही तुझ्या हाती, त्यात माझं नाव नाही.

आमिल्कार पांढराफटक पडला. गिटार थांबली, तशी पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी त्याला विचारलं, काय म्हणाल्या त्या? तो हसला. माझं स्वागत करतेय, म्हणाला.

बाबा गेल्यावर मी अकरा वर्षं पॅरिसमध्ये लोकांचे जिने पुसले, त्याच्याच पोस्टरांवरून रोज ये-जा करत. त्याला त्याचा पत्ताही नव्हता; जिना पुसणाऱ्या बाईकडे कोण बघतं? मी त्या बाईंना चारही ओळी त्यांच्या भाषेत सावकाश सांगितल्या. वहीची गोष्टही सांगितली.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ताई, तुला हवंय तरी काय?" तो पुटपुटला.

"बाबांचं नाव घे. गाणं कुणाचं ते यांच्या भाषेत सांग, इथं उभं राहून."

तो इतकं हळू बोलला की मागून मासेवाली एर्मेलिंदा मावशी म्हणाली, "घशात काटा अडकलाय का रे? मोठ्यानं बोल." त्यानं पुन्हा सांगितलं. गाणं झेफेरिनु हमालाचं, माझं नाही. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुरे, असं तोमेनं मला मानेनं खुणावलं.

पुरे झालंच होतं. बाबांचं नाव घेऊन झालं होतं, पाहुण्यांनाही कळलं होतं. तिसऱ्यांदा मी ते त्याला नुसतं माझ्यासाठी म्हणायला लावलं.