कुलपाआडची पिल्लं

नदीकाठची जमीन विकत घेतलेल्या नव्या मालकानं आमच्या क्रॅगन नदीच्या वाटेवर फाटक बसवलं आणि कुलूप ठोकलं. जुना मालक शनिवारी गावाला खालच्या डोहात गळ टाकू द्यायचा, तेही यानं बंद केलं. मासे धरायचा हक्क कायद्यानं त्याचा, मान्य. पण पायी जाणाऱ्याला अडवायचा हक्क या स्कॉटलंडात कुणाच्या बापाला नाही!

त्या उन्हाळ्यात पाऊस दडी मारून बसला. नदी आटली आणि काठच्या एका डबक्यात सॅमन माशांची पिल्लं अडकली. अशा वर्षी गावच ती बादल्यांनी वाहत्या पाण्यात सोडत आलंय. म्हणून मी आणि शेजारची मर्डिना जाळं, बादल्या घेऊन फाटकावर चढलो. मर्डिना सत्तरी उलटलेली. वर अडकली तशी खेकसली, "ढकल की गं मागून, लाजतेस काय!"

दोन-चार खेपा झाल्या तोच मालकाचा मॅनेजर पेल्हम जीप घेऊन आला. त्यानं जाळं हिसकावलं.

"परवानगीशिवाय मासे पकडताय तुम्ही."

"पकडत नाही हो, वाचवतोय!" मी म्हटलं.

"मालकांना विचारतो. तोवर थांबा."

मालक लंडनला, फोन उचलेना. डबक्यात पिल्लं पांढरी पोटं वर करत होती.

"त्यांना सांगा थांबायला," मर्डिना म्हणाली आणि बादली घेऊन गुडघाभर चिखलात शिरली. मीही शिरले. हातांनी गोळा करू लागलो.

पेल्हमनं पोलीस बोलावला. आला आमच्याच गावचा अ‍ॅलस्टर.

"मर्डिना आत्या, बाहेर या. नाव लिहून घ्यावं लागेल मला."

"लिही की! गळ बांधायला कुणी शिकवलं तुला, तेही लिही."

त्यानं मान खाली घालून नावं लिहिली, पण आम्हाला अडवलं नाही. निम्मी पिल्लं वाचली. उरलेली पेल्हमच्या बुटांपाशी मेली. जाळं शेवटपर्यंत जीपमध्येच होतं.

खटला झाला नाही. वाट अडवणं बेकायदा म्हणून आमच्या भागाच्या कौन्सिलनं कुलूप काढायला लावलं. शनिवारचा डोह मात्र परत मिळाला नाही.

शरदात आम्ही त्या वाटेनं चाललो होतो. डोहावर पैसेवाले पाहुणे गळ टाकून उभे होते आणि पेल्हम त्यांना सांगत होता, "दुष्काळात आम्ही एकेक पिल्लू वाचवलं."

"खोटारड्या!" मर्डिना ओरडली.

पाहुण्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी तिचा हात धरला, तर तो तिनं झटकला आणि आणखी मोठ्यानं ओरडली.