सहाचे बारा

तेजलने पेटीचं झाकण उघडलं, विजेचे संकेत रेघांनी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचे चिमटे आतल्या दोन तारांना लावले आणि कॉम्प्रेसर सुरू करायला सांगितलं. बाहेर मोटर घरघरली. पडद्यावरची वरची रेघ तशीच राहिली, खालची क्षणभर विसकटली. पेटीवरचा आकडा सहावरून एकदम बारावर गेला.

"बघा," शीतगृहाचा व्यवस्थापक रवी बोरस्ते म्हणाला. "दार बंद आहे, आत कुणी नाही. तरी बारा."

चांदवडजवळच्या त्या शीतगृहात डाळिंबं सहा अंशांवर ठेवत. तापमान नोंदवणारी पेटी नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या कारखान्यात तयार झाली होती. तेजल पगारे तिथे डिझाइन इंजिनिअर होती.

तिने दोन महिन्यांच्या नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. साडेपाचचे अकरा, सहाचे बारा, साडेसहाचे तेरा. प्रत्येक उडी नेमकी दुप्पट. दार उघडं राहिलं तर खोली हळूहळू तापते, अशी दुपटीने नाही.

खोलीतला सेन्सर तापमान म्हणजे शून्य आणि एक अशा खुणांची माळ पाठवायचा. एका तारेतून खुणा जायच्या, दुसरीतून ठोके. प्रत्येक ठोक्याला एक खूण वाचायची, एवढाच नियम. पण नवा कॉम्प्रेसर बसवताना केबल त्याला खेटून नेली होती. मोटर सुरू होताना कधीकधी पहिला ठोका गळायचा आणि सगळ्या खुणा एक घर पुढे सरकायच्या. आपल्या आकड्यात घर सरकलं की दसपट होते, यंत्राच्या आकड्यात दुप्पट.

"अकरा जानेवारीला काय झालं होतं?" तिने विचारलं. त्या दुपारी बारा अंशांच्या तीन नोंदी ओळीने होत्या.

रवीने हातातला मोबाइल खिशात ठेवला.

"ते दार उघडं राहिल्यामुळेच, असं आम्ही धरलं. ग्राहकाने आलेख बघून माल परत केला ना. चिमणाबाई म्हणून होत्या, प्रतवारीला. खोलीतून शेवटी त्याच बाहेर पडलेल्या."

"त्या काय म्हणाल्या?"

"आधी म्हणाल्या, लावलं होतं. चार वेळा विचारल्यावर म्हणाल्या, विसरले असेन. मग काढलं त्यांना."

तेजलने चिमटे सोडवले आणि वायर गुंडाळली.

नवा बोर्ड तयार व्हायला तीन आठवडे लागले. त्यात ठोक्याची वेगळी तार नव्हती. ठोका खुणांमध्येच मिसळलेला होता. प्रत्येक खुणेच्या मध्यावर तारेतला विजेचा दाब बदलायचा. वर गेला तर एक, खाली आला तर शून्य. त्या बदलावरूनच पेटी ठोका धरायची. एखादा बदल हरवला तर निरोप तुटलाय हे तिला कळायचं, आणि चुकीचा आकडा लिहिण्याऐवजी ती तो पुन्हा मागायची.

कारखान्याचे मालक सोमनाथ सर यांनी तिचा अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"'आधीच्या नोंदी चुकीच्या होत्या' हे वाक्य काढ. सुधारित आवृत्ती, एवढं लिही."

"चुकीच्याच होत्या, सर."

"मला माहितीये. जुनं डिझाइन माझंच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "तशा साठ पेट्या बाहेर आहेत, तेजल."

"म्हणूनच, सर."

संध्याकाळी तिने अहवाल शीतगृहाला तसाच पाठवला आणि तसं त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, ते तिला कळलं नाही.

नवी पेटी बसवून झाली त्या दिवशी रवीने तिला चिमणाबाईंचं घर सांगितलं. "कामावर यायचं असेल तर या म्हणावं. सीझन अजून आहे."

"तुम्हीच चला ना."

"मी कोणत्या तोंडाने जाऊ?" तो म्हणाला.

चिमणाबाई ओट्यावर सुपात डाळ निवडत होत्या. साठीच्या असतील. शीतगृहातून आल्याचं ऐकताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा मावशी. मी ते मशीन बनवणाऱ्यांकडून आलेय."

"च्या केला असता," त्या म्हणाल्या, "पण सून ग्यासची टाकी बंद करून जाती. मला हात लावू देत नाय. म्या विसरते ना." त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे चारेक वर्षांची एक मुलगी मातीत खेळत होती. "नात हाय माझी, आरोही. दिवसभर शेजारणीकडंच असती आता."

तेजलने सांगितलं. तारा, ठोके यातलं काही नाही. त्या दिवशी दार बंद होतं, मशीनने चुकीचं लिहिलं, एवढंच.

चिमणाबाईंनी बराच वेळ डाळीतून बोट फिरवलं.

"आसं कसं," त्या म्हणाल्या. "मला तर दिसतं ना. दार एवढं उघडं." त्यांनी वीत करून दाखवली. "रोज दिसतं."

"ते बंद होतं, मावशी. तुम्ही लावलं होतं."

"म्या लावलं व्हतं."

"हो. कामावर या म्हणालेत."

कुंपणापलीकडे आरोही कुणाला तरी हाक मारत होती.

"माझ्या सुनेला सांगाल का हे?" चिमणाबाईंनी विचारलं. "तुमच्या तोंडानं. पाचच्या बसनं येती ती."

तीन वाजले होते. तेजलने गाडीवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं, चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसली. चिमणाबाईंनी डाळीचं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.