पाहुण्यांना सोडायला

धुरपताबाईंना दवाखान्यातून सुट्टी मिळणार, ही बातमी त्यांच्या मुलाला आणि मुखेड-नांदेड एसटीतल्या चाळीस प्रवाशांना एकदमच कळली. मुलगा भीमा त्या गाडीचा कंडक्टर, आणि गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर. चाळीसही जणांना आनंद झाला. ड्रायव्हरनं कारण नसताना हॉर्न वाजवला.

अंगणात पाय घसरून मायच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी ते बदललं, आणि पाचव्या दिवशी "उद्या न्या घरी" म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. हे ऐकल्यावर नातेवाइकांचे चेहरे जसे होतात, त्या चेहऱ्यांसाठी दवाखान्यानं ज्योत्स्नाताईंना नेमलं होतं.

ताईंनी भीमाला आणि त्याच्या बायकोला, अंजूला, समोर बसवलं आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखी घराची चौकशी सुरू केली.

"संडास उकिडवं बसायचा आहे का?"

"हाव."

"आता नाही चालणार. वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा. पलंग किती उंच?"

भीमानं गुडघ्याखाली हात धरून दाखवला.

"खाली विटा लावा. दारातलं पायपुसणं काढा, घसरतं ते. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. ऑपरेशनपासून चौदाव्या दिवशी टाके काढायचे. आणि रोज वॉकर धरून चालायचं. चार-पाच वेळा तरी. हे चुकलं तर बाकीचं सगळं वाया."

भीमा प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणाला. पंचवीस वर्षं तो लोकांना 'पुढं सरका' म्हणत आला होता. कुणीतरी आपल्याला सांगतंय, याचं त्याला बरंच वाटलं.

धुरपताबाईंनी एकच प्रश्न विचारला. "बाई, विहारात कवा जाता यील?"

मुखेडला त्यांच्या गल्लीच्या टोकाला विहार होतं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने तिथं रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चाले. धुरपताबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण तीस वर्षं पुढच्या ओळीत बसून ग्रंथ तोंडपाठ झाला होता. वाचणारा चुकला की त्या जागेवरून दुरुस्त करत. आश्विन पौर्णिमेचा समारोप त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. पौर्णिमा सात आठवड्यांवर होती.

"चाललात तर पौर्णिमेला स्वतःच्या पायानं जाल," ताई म्हणाल्या. "पडून राहिलात तर पाय विसरून जाईल, आणि मग पलंग तुम्हाला सोडणार नाही."

"पलंगाची काय टाप हाय," धुरपताबाई म्हणाल्या.

पण पलंगाच्या मदतीला सगळा तालुका आला.

एसटीत जो चढेल तो विचारायचा, "भीमा, माय कशी हाय?" आणि भीमा तिकिटाबरोबर आमंत्रणही द्यायचा, "बरी हाय, या की भेटायला!" लोक यायचे. सफरचंदं घेऊन यायचे. आणि पेशंटला भेटायला आलेल्या माणसाला पेशंट पडलेलाच दिसला पाहिजे, नाहीतर तो एवढ्या लांबून आला कशाला? म्हणून फाटक वाजलं की अंजू ओरडायची, "पडा आत्याबाई, पडा!" धुरपताबाई आडव्या व्हायच्या, हनुवटीपर्यंत चादर यायची. पाहुणा हळहळायचा, आपल्या मावसभावाच्या खुब्याची गोष्ट सांगायचा, चहा प्यायचा. तो उठेपर्यंत पुढची गाडी स्टँडवर लागलेली असे.

वाचन करणारे प्रेम गुरुजीही येऊन गेले. "तुम्ही न्हाईत तर करमत न्हाई," म्हणाले. मग चहाच्या भरात बोलून गेले, "पण वाचन लवकर आटपून राहिलंय आता." त्या दिवशी धुरपताबाई जेवल्या नाहीत.

ज्योत्स्नाताईंचा दर तीन दिवसांनी फोन यायचा. भीमा सांगायचा, "एकदम चांगलं चालू हाय ताई." टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "आजींना द्या फोन. आजी, पावलं किती झाली?"

"कसली पावलं, बाई? उठून बसले की अंजू म्हणती, पडा, देगलूर गाडीचा टाईम झाला."

तिसऱ्या दिवशी ताई स्वतःच निघाल्या, त्याही भीमाच्याच गाडीनं. नांदेडपासून मुखेडपर्यंत त्यांनी भीमाची एकवीस आमंत्रणं ऐकली. उतरताना म्हणाल्या, "दादा, चूक सापडली."

घरात नऊ पाहुणे होते. धुरपताबाई चादरीखाली होत्या. उशाशी सफरचंदांची रास, आणि वॉकरवर कुणाचातरी टॉवेल वाळत घातलेला. पाय दाबून बघितल्यावर ताईंचा चेहरा उतरला. मांडी सुकत चालली होती.

"लोकांना येऊ नका म्हणून सांगतो," भीमा रडवेला झाला. "पाटीच लावतो."

"मुखेडमध्ये अशी पाटी कुणी वाचेल का?" ताई म्हणाल्या. मग अंजूकडे वळल्या. "पाहुणे निघाले की दारापर्यंत सोडायला कोण जातं?"

"मीच की."

"पाहुणे कोणाचे?"

"आत्याबाईंचे."

धुरपताबाईंनी चादर बाजूला केली. पन्नास वर्षांत त्यांच्या घरून एकही माणूस त्या सोडायला आल्याशिवाय उंबरा ओलांडून गेला नव्हता, आणि गेल्या बारा दिवसांत शेकड्यानं गेले होते.

"अंजू," त्या म्हणाल्या, "तो टॉवेल काढ."

सगळ्यात आधी उठले ते किराणावाले रेवणप्पा. आपल्यामुळे एवढं काही घडतंय, हे पाहून ते परत बसायला लागले.

"बसू नगा," धुरपताबाई कडाडल्या. "निघा आता!"

भीमा मायचा दंड धरायला धावला. ताईंनी त्यालाच धरलं. "मागं चालायचं. हात लावायचा नाही. पडायला लागल्या तरच."

वॉकर, मग दुखरा पाय, मग दुसरा. दारापर्यंत अकरा पावलं. धुरपताबाईंच्या कपाळावर घाम आला, ओठ दाताखाली गेले. भीमा मागून गाडी रिव्हर्स घेताना सांगतात तसं "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. दारात ताईंनी हातांची उंच खुर्ची ठेवली, कारण खरं बोलणं निघायच्या वेळी दारातच सुरू होतं, हे त्यांना माहीत होतं. रेवणप्पा तिथं अर्धा तास उभे राहिले.

"येतो, माय."

"या परत. उद्याच या."

जाताना ताईंनी भीमाला नवं फर्मान दिलं. आमंत्रणं चालू ठेवायची, पण एका गाडीमागं दोनच पाहुणे, आणि दुपारी आराम. भीमानं हे एसटीच्या वक्तशीरपणानं पाळलं, म्हणजे बहुतेक वेळा. "माय बरी हाय," तो गाडीत सांगायचा, "जाऊन तर बघा, सोडायला येती!" आता लोक हे बघायला येऊ लागले. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना दारापर्यंत सोडणं झालं, मग फाटकापर्यंत, मग लिंबाच्या झाडापर्यंत. वॉकर गेला, काठी आली. काही पाहुणे तर घरात न बसता थेट निघायलाच यायचे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी रेवणप्पा आले. चहा झाला, निरोप झाला. धुरपताबाई पांढरं लुगडं नेसून त्यांना सोडायला निघाल्या. लिंबापाशी रेवणप्पा थांबले.

"बस, माय. फिरा आता."

"चला की थोडं."

असं थोडं थोडं करत गल्लीचं टोक आलं. मागून भीमा, अंजू आणि समारोपासाठी नांदेडहून आलेल्या ज्योत्स्नाताई येत होत्या. विहाराला तीन पायऱ्या होत्या. धुरपताबाईंनी ताईंकडे वळून पाहिलं.

"चढताना चांगला पाय आधी," ताई म्हणाल्या.

एक. दोन. तिसऱ्या पायरीवर भीमानं सवयीनं हवेतली दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग!"

आत वाचन चालू होतं. पहिल्या ओळीत, सतरंजीच्या कडेला, एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. धुरपताबाई तिच्यावर बसल्या, काठी आडवी मांडीवर ठेवली आणि प्रेम गुरुजींकडे पाहून हसल्या.

गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला. मग कुणी काही बोलायच्या आत त्यांनी गाळून आलेली दोन पानं गुपचूप मागं उलटली.