मेल आणि पार्सल

मत नागरिकानंच द्यावं, हे मला पटतं. पारावर यावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मी झापलेलंही आहे. पण आमच्या शिरूरच्या गल्लीतली मतदारयादी तपासायचं काम माझ्या, म्हणजे अंगणवाडीवाल्या करुणाच्या, गळ्यात पडलं आणि पहिलंच घर निघालं सुलतानबी मावशींचं. सत्तरी कधीच उलटलेली. जन्माचा पुरावा नाही. तो नाही, तर नाव जाणार.

"जन्म कुठं झाला, मावशी?"

"दौंडात, रेल्वेच्या चाळीत. तुझ्या पणजीच्याच हातावर की!"

माझी पणजी ताईबाई त्या चाळीची सुईण. नगरपालिकेत जन्माची नोंदही तीच करून यायची, अंगठा उठवून. यादीत नाव राखायच्या माझ्याही अर्जाला वडिलांच्या जन्माचा कागद हवा होता; तेही त्याच चाळीतले. म्हटलं, एका खेपेत दोन्ही कामं होतील.

एसटीत खिडकीला डोकं टेकून मावशी अर्धवट झोपेत बोलू लागल्या. बाहेर उसाच्या तुऱ्यांवर ऊन सांडलं होतं.

"बाप इंजनात कोळसा टाकायचा. म्या जन्मले तवा इंजनाची वाफ घरात शिरली व्हती. पांढरंच पांढरं. त्यातनं ताईबाई आली, आन् मंग म्या आले."

"तुम्हाला कसं आठवतंय?"

"आईनं इतक्यांदा सांगितलं, आता दिसतंच मला."

मग मलाही दिसू लागलं. ती वाफ, वाफेत हिरवं लुगडं, आणि कुठूनतरी लांबून येणारी शिट्टी. वाटेतलं न्हावरा गाव कधी मागं पडलं, कळलंच नाही.

दौंडच्या कारकुनानं जुनं रजिस्टर उघडलं. "हे बघा. बाप सुभान, रेल्वेत. मुलगी. नाव, मेल." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "यांचं नाव तर सुलतानबी. जुळत नाही."

मला हसू फुटलं. चाळीत घड्याळ कुणाकडं होतं? घरात ऐकलेलं आठवलं: पोर जन्मलं की कुठली गाडी गेली ते बघायचं, मेल की पॅसेंजर, आणि बारसं होईपर्यंत तेच पोराचं नाव. ताईबाईला धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी जाऊन तिनं तेच नाव सांगितलं होतं.

"आता माझ्या वडिलांचं बघा. ज्ञानदेव."

त्यानं पानं उलटली. आजोबांचं नाव सापडलं. पुढं लिहिलं होतं, मुलगा. नाव, पार्सल. खाली तोच अंगठा.

माझं हसू जागीच विरलं. त्या क्षणी मला भीती वाटली, खरीखुरी. रोज लोकांना कागद मागत फिरणारी मी, आणि माझा कागदही तसलाच.

दोन्ही नकला घेऊन आम्ही शिरूरला परतलो. मावशींना निवडणूक कचेरीबाहेरच्या बाकावर बसवून मी यादीच्या साहेबांपुढं उभी राहिले.

"नाव जुळत नाही. हा अर्ज बाजूला ठेवा," साहेब म्हणाले.

मी त्यावर माझा अर्ज ठेवला आणि दोन्हींना मिळून एकच टाचणी टोचली.

"ठेवा साहेब. पण दोन्ही ठेवा. काढायचं झालं तर दोन्ही काढा."

त्यांनी टाचणीला हात लावला, माझ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. "वर विचारतो," एवढंच बोलले.

बाहेर मावशी बाकावर पेंगत होत्या. माझी चाहूल लागली तसं डोळे न उघडताच त्यांनी विचारलं,

"मेल हाय का गेली गं?"

"हाय, मावशी."

"आन् पार्सल?"

मी त्यांना उठवायला हात पुढं केला.

"ते बी हाय."